‘ऑक्सिजन’ म्हणजे नेमकं काय? रसायनशास्त्रातले पहिले शब्द नीट लावून घेऊया

शाईदौत (धागाकर्ती)

मी आठवी ते दहावीच्या मुलांना विज्ञान शिकवते. उत्तरपत्रिका तपासताना एक गोष्ट मला दरवर्षी अस्वस्थ करते, म्हणून हा धागा.

मुलांना व्याख्या येतात. अणू म्हणजे काय, रेणू म्हणजे काय, संयुग म्हणजे काय, झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील. पण वर्गात मी एक प्रश्न विचारते: एक किलो पाण्यात वस्तुमानाने साधारण ८८९ ग्रॅम ऑक्सिजन असतो, मग कधीकधी मासा पाण्यातच गुदमरून मरतो कसा? सगळा वर्ग गप्प.

खरं तर उत्तर सोपं आहे. ते ८८९ ग्रॅम म्हणजे हायड्रोजनशी जोडले गेलेले ऑक्सिजनचे अणू. ते माशाच्या काहीच कामाचे नाहीत. माशाचे कल्ले घेतात तो पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन वायू. तो वेगळा, दोन-दोन अणूंच्या रेणूंचा. २० अंश सेल्सिअसच्या गोड्या पाण्यात, हवेशी संपर्क असताना, लिटरला जेमतेम ९ मिलिग्रॅम. ८८९ ग्रॅम आणि ९ मिलिग्रॅम, दोन्हीला आपण ‘पाण्यातला ऑक्सिजन’ म्हणतो. घोळ इथेच होतो.

माझं मत असं झालंय की हे सुरुवातीचे शब्द दोन वेगळ्या घरांतले आहेत, हे आपण मुलांना स्पष्ट सांगतच नाही. मूलद्रव्य, संयुग, मिश्रण हे पदार्थाच्या घरातले. हातात घेता येतं, तोलता येतं, तापवता येतं, त्याच्याबद्दल हे शब्द. अणू, रेणू, आयन (विद्युतभार असलेला कण) हे कणांच्या घरातले. तांबं लालसर असतं, तांब्याचा एक अणू लालसर नसतो. पाणी १०० अंशांना उकळतं, पाण्याचा एक रेणू उकळत नाही. पाणी हे संयुग, आणि त्याचा कण म्हणजे ‘संयुगाचा रेणू’. मुलं सर्रास लिहितात, ‘ऑक्सिजन हा अणू आहे, पाणी हे संयुग आहे.’ एकाच वाक्यात दोन घरं.

मूलद्रव्याच्या नावाचे तर तीन अर्थ होतात. ऑक्सिजनचंच घ्या. एक, अणूचा प्रकार (केंद्रकात आठ प्रोटॉन असलेला कुठलाही अणू). दोन, त्या एकाच प्रकारच्या अणूंचा बनलेला पदार्थ, म्हणजे हवेतला वायू. तीन, एकटा सुटा अणू. बोलणारा यातला कुठला अर्थ धरून बोलतोय, हे ऐकणाऱ्याने संदर्भावरून ओळखायचं असतं. मोठ्यांना ते आपोआप जमतं, मुलांना सांगावं लागतं.

तुम्हाला किंवा तुमच्या मुलांना कुठले शब्द अडतात? लिहा. एकेक सोडवूया.

रानपाखरू

धाग्याबद्दल मनापासून आभार. माझी मुलगी नववीत आहे. शाळेत मराठी माध्यम, पण अभ्यासाचे व्हिडिओ ती हिंदीतून बघते. तिची अडचण अशी की मराठी पुस्तकात ‘अणू’ म्हणजे जो कण, त्याला व्हिडिओत ‘परमाणु’ म्हणतात, आणि व्हिडिओत ‘अणु’ म्हणतात तो मराठी पुस्तकातला ‘रेणू’ असतो. परीक्षेत तिने पाण्याच्या ‘अणू’त तीन ‘परमाणू’ असतात असं लिहिलं आणि गुण गेले. तिला वाटतंय, मी बरोबर होते. मला तिला काय सांगावं कळत नाही.

जुनी पोथी

रानपाखरू, तिला सांगा की तिचं रसायनशास्त्र बरोबर होतं, भाषा दुसरी होती. हा फरक मोठा आहे, आणि तिला तो कळायला हवा.

मराठीत अणू आणि रेणू ही जोडी, हिंदीत परमाणु आणि अणु ही जोडी. दोन्ही भाषांनी जुन्याच शब्दांना नवीन काम दिलं, फक्त वाटणी वेगळी केली. वैशेषिक दर्शनात परमाणू म्हणजे ज्याचे आणखी भाग होत नाहीत असा कण. दोन परमाणूंचा द्व्यणुक, तीन द्व्यणुकांचा त्र्यणुक. त्यालाच त्रसरेणू म्हणत, म्हणजे खिडकीतून आलेल्या कवडशात तरंगताना दिसतो तेवढा कण. ‘रेणू’चा मूळ अर्थच धूळ. तेव्हा अणूपेक्षा रेणू मोठा हा क्रम मराठीने जपलाय, आणि लक्षात ठेवायलाही तो सोपा आहे.

मात्र त्या तत्त्वज्ञानातला परमाणू आणि आजचा अणू एक नव्हेत. तो विचार तर्कातून आलेला होता, आजचा अणू तोलून-मोजून आलेला आहे. शब्द तेवढा वारशाने मिळाला. आणि अविभाज्यपणाही राहिला नाही. जे. जे. थॉमसन यांनी १८९७ साली इलेक्ट्रॉन दाखवला, रदरफर्ड यांनी १९११ साली केंद्रक, चॅडविक यांनी १९३२ साली न्यूट्रॉन.

एक शुद्धलेखनाची गोष्टही सांगतो, कारण मुलांचे त्यातही गुण जातात. शब्द सुटा असेल तर शेवटचा उकार दीर्घ: अणू, रेणू, धातू. समासात पहिला आला की ऱ्हस्व: अणुअंक, रेणुसूत्र, धातुसदृश.

दहावी ब

मी विद्यार्थी आहे. माझा प्रश्न: आमच्याकडे ‘मिठाच्या रेणूचे रेणुवस्तुमान काढा’ असं गणित येतं. पण आयनिक संयुगाच्या धड्यात लिहिलंय की मिठात आयन असतात. मग मिठाचा रेणू असतो की नसतो?

शाईदौत

दहावी ब, हा प्रश्न तुला पडला याचा मला फार आनंद झाला. मिठाच्या स्फटिकात रेणू नसतो. प्रत्येक सोडियम आयनाभोवती सहा क्लोराइड आयन आणि प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडियम, अशी रांग चारही बाजूंना, वर-खाली पसरलेली असते. यातला कुठला सोडियम कुठल्या क्लोराइडचा जोडीदार, हे सांगताच येत नाही. म्हणून सूत्रात आपण फक्त प्रमाण लिहितो: एकास एक. त्या प्रमाणाच्या वस्तुमानाला ‘सूत्रवस्तुमान’ म्हणणं जास्त नेमकं. सोडियमचे २३ आणि क्लोरीनचे ३५.५ मिळून ५८.५, गणित तेच येतं. परीक्षेत पुस्तकातला शब्द लिही, मनात मात्र चित्र रांगेचं ठेव. (मीठ प्रचंड तापवून वायू केलं तर सोडियम-क्लोरीनच्या सुट्या जोड्या मिळतात, पण ती गोष्ट नंतरची.)

वाळूतल्या क्वार्ट्झचंही असंच. सिलिकॉन आणि ऑक्सिजन एकास दोन प्रमाणात, पण सुटा रेणू नाही, सगळा स्फटिक एकमेकांत गुंफलेला. तेव्हा ‘संयुग म्हणजे रेणूंचं बनलेलं’ असं पाठ करू नकोस. संयुगाची खूण म्हणजे दोन किंवा अधिक मूलद्रव्यं, ठरलेल्या प्रमाणात, रासायनिक बंधांनी जोडलेली.

काठावरचा

उलटही सांगायला हवं ना? रेणू म्हटला की तो संयुगाचाच, असं मला दहावीपर्यंत वाटत होतं.

शाईदौत

हो, अगदी महत्त्वाचं. हवेतला नायट्रोजन दोन अणूंचा रेणू, ओझोन तीन ऑक्सिजन अणूंचा, पांढरा फॉस्फरस चार अणूंचा, गंधकाचा रेणू आठ अणूंच्या कड्याचा. हे सगळे मूलद्रव्याचेच रेणू. हेलियमचे अणू तर एकेकटेच हिंडतात. अणू किती जोडले गेले यावरून मूलद्रव्य की संयुग ते ठरत नाही, अणू किती प्रकारचे यावरून ठरतं.

परीक्षानळी

मी प्रयोगशाळेत साहाय्यक आहे. संयुग आणि मिश्रण यातला फरक लोखंड आणि गंधकाच्या प्रयोगाइतका दुसऱ्या कशाने पटत नाही, म्हणून तो जरा सविस्तर लिहितो.

लोखंडाचा कीस आणि गंधकाची पूड एकत्र करा. करडं-पिवळं दिसतं, लोहचुंबक फिरवला की कीस चिकटून वर येतो. हे मिश्रण. दोघांनीही आपापला स्वभाव सोडलेला नाही. आता थोडंसं परीक्षानळीत घेऊन तापवा. एका टोकाला लाल झाळ धरते, आणि ज्योत बाजूला केली तरी ती झाळ स्वतःच पुढे सरकत जाते, कारण अभिक्रियेतूनच उष्णता बाहेर पडते. मुलं इथे श्वास रोखून बघतात. थंड झाल्यावर उरतो काळपट आयर्न सल्फाइड. पिवळा रंग गेला, चुंबकाला चिकटणं गेलं.

पण बरेचदा चुंबक फिरवल्यावर थोडं काही चिकटतंच, आणि मुलं म्हणतात, ‘सर, प्रयोग फसला.’ फसलेला नसतो! लोह आणि गंधक जोडले जातात ते वस्तुमानाने साधारण ७ ला ४ या प्रमाणातच (अणुवस्तुमानं ५६ आणि ३२, त्यावरून). तुम्ही ७ ऐवजी ९ ग्रॅम लोखंड घातलं तर वरचं २ ग्रॅम तसंच राहणार आणि चुंबकाला चिकटणार. स्थिर प्रमाणाचा नियम डोळ्यांनी दिसतो तो इथे. मिश्रणात हवं तसं प्रमाण चालतं, संयुगात चालत नाही. माझ्या मते हे उरलेलं लोखंड हाच त्या प्रयोगातला सगळ्यात मोलाचा भाग आहे, आणि तो ‘चूक’ म्हणून झाकला जातो.

हा प्रयोग शिक्षकांसोबत, अगदी थोड्या प्रमाणात आणि हवा खेळती असलेल्या जागीच करावा. उरलेल्या सल्फाइडवर घरी आम्ल कधीही टाकू नये, त्यातून हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू निघतो.

रानपाखरू

पितळ यात कुठे बसतं? मुलगी विचारतेय.

परीक्षानळी

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, कांसं म्हणजे तांबं आणि कथील. यांना संमिश्र म्हणतात. जस्त कमी-जास्त करता येतं आणि तरी ते पितळच राहतं, यावरून ओळखा की ते मिश्रणाच्या बाजूचं आहे, एकजिनसी मिश्रण. मिश्रण, संमिश्र आणि संयुग हे तीन शब्द कानाला सारखे वाटतात, म्हणून मुलं अडखळतात. ‘प्रमाण बदलून चालेल का?’ एवढा एक प्रश्न विचारायची सवय लावा. पोलादही संमिश्रच, आणि त्यात कार्बन हा अधातू आहे. संमिश्रात दोन्ही धातूच हवेत असं नाही.

काठावरचा

एक वेगळं मत मांडतो, राग नसावा. पुढे अकरावीपासून सगळं इंग्रजीतूनच शिकायचं आहे. मग संयुजा, समस्थानिक, मूलके हे शब्द शिकवून मुलांवर दुप्पट ओझं का टाकायचं? मी स्वतः मराठी माध्यमातून गेलो आणि अकरावीचे पहिले सहा महिने शब्द बदलण्यातच गेले. तो त्रास खरा होता.

जुनी पोथी

त्रास खरा आहे, मीही त्यातून गेलोय. पण मला वाटतं, मराठी शब्द आपल्याला जे देतात ते आपण घेतलंच नाही, म्हणून ते ओझं वाटलं. संयुग, संयुजा, सहसंयुज या तिन्हीत ‘युज्’ हा एकच संस्कृत धातू (क्रियापदाचं मूळ) आहे, जोडणे या अर्थाचा. संयुजा म्हणजे जोडलं जाण्याची क्षमता, संयुग म्हणजे जोडून झालेलं, सहसंयुज बंध म्हणजे दोघांनी इलेक्ट्रॉन वाटून घेऊन केलेली जोडणी. एक शब्द कळला की तिघे कळतात. समस्थानिक म्हणजे आवर्तसारणीत एकाच स्थानी बसणारे, एकाच मूलद्रव्याचे पण वेगळ्या वस्तुमानाचे अणू. सॉडी यांनी १९१३ साली मांडलेल्या ‘आयसोटोप’ या मूळ शब्दाचा अर्थही हाच, ‘तेच स्थान’. तो ग्रीक शब्द त्यांना सुचवला मार्गारेट टॉड या डॉक्टर स्त्रीने.

‘आयन’ हा शब्द तर आपण जसाच्या तसा घेतला. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ ‘जाणारा’. फॅरेडे यांनी १८३४ साली तो रूढ केला, कारण वीज सोडली की हे कण विद्युतअग्रांकडे जातात. आणि उत्तरायणातला ‘अयन’ आठवा, जाणे! दोन्ही शब्दांचं मूळ एकाच प्राचीन धातूत आहे. हे वर्गात सांगितलं तर धनायन ऋणाग्राकडे का ‘जातो’ हे कोण विसरेल?

शाईदौत

काठावरचा, राग कसला. तुमचा अनुभव अनेक मुलांचा आहे. मी एक करते: नववीच्या शेवटच्या दोन महिन्यांत फळ्यावर दोन्ही शब्द शेजारी लिहिते. संकल्पना मराठीत बसलेली असली की नवीन शब्द चिकटवायला वेळ लागत नाही. पण संकल्पनाच बसली नसेल तर कुठल्याही भाषेतला शब्द पोकळ राहतो.

आणि नावाच्या अर्थावर पूर्ण विसंबूही नये. लव्हॉझिए यांनी ऑक्सिजनचं नाव ठेवलं त्याचा अर्थ ‘आम्ल तयार करणारा’. प्रत्येक आम्लात ऑक्सिजन असतोच असं त्यांना वाटत होतं. पुढे डेव्ही यांनी १८१० साली दाखवलं की क्लोरीन हे मूलद्रव्य आहे, तेव्हा हायड्रोक्लोरिक आम्लात ऑक्सिजन नाहीच हे उघड झालं. नाव मात्र राहिलं. त्याच लव्हॉझिए यांच्या १७८९ सालच्या ३३ मूलद्रव्यांच्या यादीत प्रकाश आणि उष्णताही होत्या. आज यादी ११८ वर आहे, शेवटच्या चार मूलद्रव्यांना २०१६ साली नावं मिळाली.

अणू आणि रेणू यातला गोंधळ तर खुद्द शास्त्रज्ञांना पन्नास वर्षं सुटला नव्हता. डाल्टन पाण्यात हायड्रोजनचा एक आणि ऑक्सिजनचा एक अणू धरत. ॲव्होगॅड्रो यांनी १८११ साली सांगितलं की वायूचे कण दोन अणूंचे असू शकतात, पण त्यांचं फारसं कुणी ऐकलं नाही. १८६० साली कार्ल्सरूहे इथे शास्त्रज्ञांची परिषद भरली ती मुख्यतः याच शब्दांचा अर्थ ठरवायला. तिथे कॅनिझारो यांनी ॲव्होगॅड्रोंचं म्हणणं पुन्हा मांडलं आणि मग हळूहळू अणुवस्तुमानांचा गुंता सुटला. रानपाखरू, तुमच्या मुलीला हे नक्की सांगा. ती अडखळली ती जागाच अवघड आहे.

दहावी ब

अणुवस्तुमानांक आणि अणुवस्तुमान यात काय फरक? क्लोरीनचं ३५.५ आहे, मग अर्धा न्यूट्रॉन कुठून आला?

परीक्षानळी

अर्धा न्यूट्रॉन नसतो. अणुवस्तुमानांक म्हणजे एका अणूतल्या प्रोटॉन आणि न्यूट्रॉनची बेरीज. ती मोजणी आहे, म्हणून नेहमी पूर्णांक. क्लोरीनचे काही अणू ३५ चे (१७ प्रोटॉन, १८ न्यूट्रॉन), काही ३७ चे (१७ आणि २०). हे क्लोरीनचे समस्थानिक. निसर्गात ते साधारण तीनास एक आढळतात. तीनदा ३५ आणि एकदा ३७ मिळवून चाराने भागून बघ. येतं ३५.५. ही सरासरी म्हणजे अणुवस्तुमान. एकही क्लोरीन अणू ३५.५ चा नाही.

काठावरचा

समस्थानिकांचा विषय निघालाच आहे तर ‘जड पाणी’ हा शब्द मला फार फसवून गेला होता. साबणाला फेस येत नाही त्या पाण्यालाही बोलताना जड पाणी म्हणतात.

शाईदौत

दोन अगदी वेगळी पाणी आहेत ती. फेस येत नाही ते पुस्तकात दुष्फेन. शब्दातच फेन आहे. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात, म्हणजे ते मिश्रण. अणुभट्टीतल्या जड पाण्यात क्षारांचा संबंध नाही. तिथे हायड्रोजनच्या जागी त्याचा दुप्पट वस्तुमानाचा समस्थानिक ड्युटेरियम असतो. रेणू १८ ऐवजी २० चा. त्याचा बर्फ साध्या पाण्यात बुडतो.

दहावी ब

संज्ञांचं पण सांगा ना. सोडियमला एन आणि ए का?

जुनी पोथी

लॅटिन नावांवरून. सोडियम म्हणजे नॅट्रियम, पोटॅशियम म्हणजे कॅलियम, लोखंड फेरम, शिसं प्लंबम, चांदी अर्जेंटम, सोनं ऑरम. पारा हायड्रार्जिरम, म्हणजे पाण्यासारखी चांदी. अक्षरं वापरायची ही पद्धत बर्झेलियस यांची, १८१३-१४ ची. त्याआधी डाल्टन वर्तुळात खुणा काढत. लिहिताना पहिलं अक्षर मोठं, दुसरं लहान, यात हयगय नको. सी मोठा आणि ओ लहान लिहिलास तर कोबाल्ट हा धातू. दोन्ही मोठी लिहिलीस तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू, आणि तो संयुग.

रानपाखरू

काल मुलीला हा धागा वाचायला दिला. मग आम्ही दोघांनी एक खेळ केला: मी वाक्य सांगायचं, तिने त्यातलं नाव पदार्थाच्या घरातलं की कणांच्या, आणि कण असेल तर कुठला, ते ओळखायचं. ‘हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन आहे.’ पदार्थ, दोन अणूंच्या रेणूंचा, तिने लगेच सांगितलं. ‘हिरा कार्बनचा आहे.’ पदार्थ, पण रेणू नाही, सगळा गुंफलेला. हे तिने वाळूच्या उदाहरणावरून ओळखलं. ‘रक्तात लोह आहे’ या वाक्याला ती थांबली. लोह म्हणजे धातू, मग रक्ताला चुंबक का लागत नाही, असं तिने मलाच विचारलं. मला उत्तर देता आलं नाही.

शाईदौत

कारण रक्तात लोखंडाचा तुकडा नाही, लोहाचे आयन आहेत. हिमोग्लोबिनच्या एका रेणूत चार, प्रत्येक आपल्या जागी बांधलेला. चुंबकाला चिकटतं ते लोखंड, म्हणजे असंख्य लोह अणू एकत्र येऊन बनलेला पदार्थ. एकेकट्या आयनाला तो गुण नाही. तिला म्हणावं, माशाच्या प्रश्नाचं आणि या प्रश्नाचं उत्तर शेजारी शेजारी लिहून बघ, आणि मग असाच तिसरा प्रश्न स्वतः तयार करून इथे टाक. मी वाट बघतेय.